दसऱ्याचा बिल्ला

आमच्या सोसायटीतल्या गाडी लावायच्या बिल्ल्याचा विषय निघाला की माझा आवाज आजही चढतो. नवरा म्हणतो, "झालं की ते आता, किती वर्षं झाली." झाली तर झाली. आवाज माझा आहे, चढला तर चढला.

तो बिल्ला म्हणजे काय प्रकरण होतं ते आधी सांगायला पाहिजे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही जालन्यात राहायला आलो, तेव्हा सोसायटीच्या चार इमारतींच्या मधलं अंगण मोकळंढाकळं होतं. राहणारे सगळे नोकरदार. कोणी तहसिलीत, कोणी बँकेत, कोणी माझ्यासारखे झेडपीच्या शाळेत. अंगणात सायकली, दोन-चार लुना आणि आमची एक स्कूटर. चारचाकी यायची ती पाहुण्यांची, आणि ती आली की सगळ्या मजल्यांवरून डोकी बाहेर यायची. उन्हाळ्यात त्याच अंगणात आम्ही बाया कुरडया घालायचो. सकाळी चादरी अंथरल्या की संध्याकाळपर्यंत त्या जागेला कोणी हात लावायचा नाही. कोणती जागा कोणाची, असा प्रश्न मला तरी कधी ऐकू आला नाही.

मग शहरात बियाण्याचा धंदा फोफावला, लोखंडाच्या भट्ट्या वाढल्या, आमचेही पगार वाढले. बघता बघता अंगणात गाड्या आल्या. ज्याला जिथं सावली दिसेल तिथं त्यानं लावावी. एक दिवस पाण्याचा टँकर आला. जालन्याच्या माणसाला टँकरचं महत्त्व सांगायची गरज नाही, नळाला पाणी कधी येईल हे तिथं कोणालाच सांगता यायचं नाही. तर टँकर आला, आणि बघतो तर हौदाच्या झाकणावर एक जीप उभी. जीपवाला किल्ली खिशात घालून भोकरदनला लग्नाला गेलेला. ड्रायव्हरनं थोडा वेळ हॉर्न वाजवला, एक विडी ओढली आणि टँकर पुढच्या कॉलनीत नेऊन रिकामा केला. चार इमारती कोरड्या राहिल्या. त्या संध्याकाळी जीपवाला परत आला तेव्हा बाया त्याला जे बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. मीही बोलले होते.

त्यातून बिल्ला जन्माला आला. आमचे अध्यक्ष तहसील कचेरीतून रिटायर झालेले. सगळे त्यांना अध्यक्षकाका म्हणायचे. माणूस कामाचा, आणि नियम करायला मिळाला की त्यांची भूक वाढायची. त्यांनी अंगणात पिवळ्या पट्ट्या मारून घेतल्या, प्रत्येक खणाला नंबर दिला. बसस्टँडजवळच्या नंबरप्लेट रंगवणाऱ्या पेंटरकडून पत्र्याचे गोल बिल्ले करून आणले. ज्या घरात चारचाकी आहे त्या घराला एक बिल्ला, त्यावर खणाचा नंबर. तो गाडीतल्या आरशाला लटकवायचा. बिल्ला दिसला तर वॉचमन गेट उघडणार. दोन गाड्या असल्या तरी बिल्ला एकच, दुसरी गाडी बाहेर. पाहुण्यांसाठी लाल बिल्ले वॉचमनकडे, जाताना परत द्यायचे, आणि पाहुण्याची गाडी एक दिवसाच्या वर राहायची नाही. लग्नाला आलेलं ट्रॅक्टर तर गेटच्या आत आणायचंच नाही. ह्या शेवटच्या नियमावरून तीन घरांचे सोयरे रुसले, पण काका हटले नाहीत. खरं सांगते, मला ते आवडलं होतं. टँकर सरळ हौदापर्यंत यायला लागला.

आता खण कमी आणि गाड्या घ्यायची हौस सगळ्यांना. म्हणून काकांनी दरवर्षी बिल्ले नवे करायचे ठरवले. एखाद्यानं गाडी विकली, एखाद्याची बदली झाली, तर त्याची जागा थांबलेल्या पुढच्या माणसाला मिळाली पाहिजे. हेही बरोबरच. पण नवे कधी करायचे? तर दसऱ्याला. दसऱ्याला आमच्याकडे सगळे आपापल्या गाड्या धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात. काका म्हणाले, त्या दिवशी सगळ्या गाड्या आयत्याच धुऊनपुसून जागेवर उभ्या असतात, कोणाच्या मागं फिरायला नको. आपण ताट घेऊन निघायचं, पूजेबरोबरच नवा बिल्ला अडकवायचा. जी गाडी जागेवर नसेल ती विकली किंवा गेली असं धरायचं, आणि तिथल्या तिथं ती जागा पुढच्याला.

"तीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण असली आयडिया तिथं सुचली न्हाई," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. खरंच, थाट असायचा. पुढं काका सिल्कच्या झब्ब्यात, मागं वॉचमन नारळाचं पोतं घेऊन, आणि प्रत्येक खणापुढं घरचे लोक हात जोडून उभे. हे सगळं मला ऐकून माहीत. मी कधी पाहिलं नाही.

पाहिलं नाही, कारण आम्ही बौद्ध. दसऱ्याचा दिवस आमच्यासाठी धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस, आणि त्या दिवशी आमचं घर नागपूरला दीक्षाभूमीवर. आईचे वडील पहिल्यांदा गेले तेव्हा तिला गुरं सांभाळायला घरी ठेवून गेले होते. ती गोष्ट आईनं त्यांना शेवटपर्यंत माफ केली नाही. पुढं स्वतःच्या पायावर उभी राहिल्यापासून तिनं एक वर्ष चुकवलं नाही. आधी रेल्वेनं, मग एसटीनं, मिळेल त्या ट्रकनंसुद्धा. आमच्याकडे चारचाकी नव्हती तोपर्यंत दसऱ्याचा बिल्ला आम्हाला लागू नव्हता, त्यामुळं कोणाचं काही अडलं नाही. आमच्या दाराला कुलूप असायचं आणि अंगणात नारळ फुटायचे.

मग आई पडली. वडील गेल्यावर ती परतूरकडच्या आमच्या गावी एकटीच राहायची, दोन एकर कापूस स्वतः बघायची. बांधावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. गावातल्या चौघांनी तिला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं. ती बाज अख्ख्या गावातून गेली, आणि आईला दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं. दवाखान्यात हाडात सळई घातली, चार पायांचा वॉकर दिला. ती आमच्याकडे तळमजल्यावर राहायला आली आणि पहिल्याच दिवशी तिनं जाहीर केलं, "मला कोणी उचलायचं न्हाई. मेल्यावर उचला, तवा मी काही म्हणणार न्हाई."

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. ह्यांचं चालणं चालू ठेवा. एकदा थांबल्या की अंथरूण धरतील, मग उठणं कठीण. म्हणून आम्ही एक सेकंडहँड व्हॅन घेतली. सरकतं दार, बसायला सोपी. नवरा भोकरदनला पंचायत समितीत, तो पहाटेच्या एसटीनं जायचा. मी वाटूरच्या शाळेत. व्हॅन चालवायला मी शिकले, आणि चांगली शिकले. नशिबानं त्याच सुमाराला जिन्याजवळचा, आमच्या दारासमोरचा खण रिकामा झाला आणि आम्हाला बिल्ला मिळाला. दार उघडलं, एक पायरी उतरलं, की व्हॅन. आई वॉकर टेकत स्वतः जायची, स्वतः चढायची. पौर्णिमेला विहारात, महिन्यातून एकदा दवाखान्यात, कधी नुसतीच बाजारात. गाडीत बसली की मला म्हणायची, "चल, जल्दी चल. आज लई काम हाये." काम काही नसायचं.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही पहिल्यांदा स्वतःच्या गाडीनं नागपूरला गेलो. मेहकर, कारंजा करत, आळीपाळीनं गाडी चालवत. आईनं वॉकर घेऊन त्या गर्दीत वंदना केली. लोक तिला आपोआप वाट करून देत होते. परतीच्या वाटेवर ती एवढी खूश होती, की नवऱ्याच्या डाळीच्या वड्यांना, जे तो कधी नव्हे ते स्वतः तळून घेऊन आला होता, तिनं चांगलं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेटवर आलो. वॉचमननं गेट अर्धंच उघडलं आणि माझ्या खिडकीशी आला.

"मॅडम, बिल्ला?"

मी आरशाकडं बोट केलं. "हा काय, लटकून राह्यला."

"तो जुना झाला. कालपासून नवे चालू झाले. तुमच्या जागेवर वरच्या शेठची जीप लागली."

"लागली म्हणजे? कोणाला विचारून?"

"बिल्ला भेटला ना त्यायला. काल तुमची गाडी न्हव्हती जागेवर." बिचारा खाली बघून बोलत होता.

मान वाकडी करून पाहिलं तर खरंच. आमच्या दारासमोर वरच्या मजल्यावरच्या बियाणेवाल्या शेठची नवी कोरी जीप, बॉनेटवर हार, काचेवर कुंकवाची बोटं. बाकीचे खण भरलेले. नव्या बिल्ल्याशिवाय नुसतं माणूस उतरवायलाही गाडी आत न्यायची नाही. व्हॅन बाहेर रस्त्यावरच लावावी लागणार होती, आणि गेटपासून आमच्या दारापर्यंत खडीचा चढ, शिवाय गेटात नाल्यावरची लोखंडी जाळी. वॉकरचा पाय त्या जाळीत बरोबर अडकेल एवढ्या फटी.

नवरा उतरला, म्हणाला, "मी आईंना धरतो एका बाजूनं, तू—"

"हात लावायचा न्हाई," आई म्हणाली.

पाय प्रवासानं सुजलेले होते. ती उतरली. जाळीत वॉकर अडकला, तो तिनं वाकून सोडवला. मग खडी. चार पावलं टाकायची, थांबायचं, श्वास घ्यायचा. चारी इमारतींच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. कोणीतरी पळत खुर्ची आणली. आई म्हणाली, "बसायला न्हाई आले, बाई. घरी चालले." मी तिच्या मागं चालत होते आणि माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. त्या जीपचा हार ओढून फेकावा असं वाटत होतं. आई दारात पोचली, पायरी चढली, आत जाऊन पलंगावर बसली आणि तोंड भिंतीकडं करून घेतलं.

मी तशीच अध्यक्षकाकांकडं गेले. ताटलीत आपट्याची पानं घेऊनच ते पुढं आले. "या, या मॅडम, सोनं घ्या."

"सोनं राहू द्या. माझी जागा कुठं गेली ते सांगा."

"नियम सगळ्याला सारखा, मॅडम. पूजेला गाडी जागेवर न्हाई, तर जागा पुढच्याला. तुमच्यामागं शेठचाच नंबर होता. अन् दसऱ्याला घर सोडून कोण जातं हो? सणाला लोक घरी येतात, म्हणून तर तो दिवस धरला."

"काका, दसऱ्याला नागपुरात पाय ठेवायला जागा नसते. ती माणसं काय आभाळातून पडतात?"

काकांनी ताटली खाली ठेवली. त्यांच्या तोंडाकडं बघून मला कळलं की हा माणूस नाटक करत नाही. "हे... हे बिलकुल ध्यानातच आलं न्हाई बघा माझ्या," ते म्हणाले.

आणि मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. मुद्दाम केलं असतं तर मी बघून घेतलं असतं, भांडायला मला कोणी शिकवायला नको. पण इतकी वर्षं एका अंगणात राहून, दर दसऱ्याला आमच्या दाराला कुलूप बघून, ह्या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्या घरच्या खिरीच्या वाट्या त्यांच्या घरी दर बुद्धपौर्णिमेला जायच्या. खीर ध्यानात होती, आम्ही नव्हतो.

"बरं, आलं ना आता ध्यानात? मग द्या परत."

"आता कसं देणार?" काका खरंच घाबरले. "पूजेचा बिल्ला हाये तो. नारळ फुटला त्याच्यावर. दसऱ्याचं दिलेलं काढून घेतलं तर नव्या गाडीला अपशकून. शेठच्या घरचे मला दारात उभं करणार न्हाईत."

मी कपाळाला हात लावला. तहसिलीतला हुकूम असता तर वर अपील केलं असतं. ह्यांनी हुकमाला हळदकुंकू लावून ठेवलं होतं, आता अपील करायचं कोणाकडं? गाडी लावायच्या जागेचा साधा कागदी कारभार, तो ह्या लोकांनी देवाच्या ताटात ठेवला, आणि चूक झाली तर ती दुरुस्त करायची वाट स्वतःच बंद करून घेतली. हे फक्त आमच्याच सोसायटीला सुचावं!

शेठच्या बायकोची गाठ दुसऱ्या दिवशी हौदावर पडली. म्हणाली, "मॅडम, राग धरू नका. पण दसऱ्याचं मिळालेलं कोणी परत करतं का? आमची नवी गाडी हाये."

"नवी गाडी दिवसभर मोंढ्यातल्या दुकानापुढं असते, वहिनी. इथं नुसती जागा पूजा खाऊन राह्यली." ती कळशी न भरताच निघून गेली. जाऊ दे गेली तर.

पण दिवस जात होते आणि व्हॅन गेटबाहेर होती. आई एकदा दवाखान्यात जाऊन आली, गेटपर्यंत चालत, गेटपासून चालत. त्या रात्रीपासून गुडघा इतका सुजला की तिला पाय खाली टेकवेना. सूज उतरली, पण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "उद्या मी न्हाई येत विहारात. तुम्ही जा." माझी आई, जी ट्रकच्या मागं बसून नागपूरला गेली होती, ती म्हणाली तुम्ही जा. मला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. सुजेची मला भीती नव्हती. ती आपण होऊन थांबली, ह्याची होती.

त्याच आठवड्यात अध्यक्षकाका घरी आले. सोबत स्वतःच्या झाडाच्या पपया. बसले, घसा खाकरला.

"मॅडम, मी लई विचार केला. तुमच्यासाठी आपण स्पेशल सूट काढू. इथून पुढं दसऱ्याला तुम्ही गावात असा, नसा, तुमचा बिल्ला मी बाजूला काढून ठेवत जाईन. आपण समजून घेऊ एकमेकाला. अन् सध्याला शेठशी मी बोललो. आजींसाठी म्हणून दिवसा जागा वापरायला ते देतील. त्यांचा बिल्ला त्यांच्याकडं राहील, तुमचं काम होईल."

नवऱ्याचा चेहरा असा उजळला! आणि खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, संपलं एकदाचं. उद्या सकाळी दार उघडायचं, एक पायरी, की व्हॅन. मी हो म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात आतून वॉकरचा आवाज आला. आई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"साहेब, चहा घ्या. सूट नको."

"अहो आजी, तुमच्याच पायासाठी म्हणून राह्यलो मी."

"पाय माझे हायेत, मला माहीत हायेत. सूट म्हणजे उचलून नेणंच हाये की. आज तुम्ही उचललं, उद्या दुसरा अध्यक्ष आला अन् त्यानं खाली ठेवलं, मंग?"

"मंग काय करावं म्हणता?"

"तारीख बदला. सगळ्यासाठी."

काका चहा न घेता गेले. मी आईवर भयंकर चिडले. म्हटलं, तत्त्व कर तू, आणि गुडघा सुजला की शेकत बसायचं मी! ती म्हणाली, "शेकू नको." मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. भांडी आपटता आपटताच मला कळत होतं की म्हातारी बोलली ते शंभर टक्के बरोबर आहे. बरोबर होतं म्हणून तर राग जास्त येत होता.

मी सभा बोलवायला लावली. रविवारी सकाळी अंगणात, हौदाच्या बाजूला सतरंज्या. आईची खुर्ची आमच्या दारात. मी उभी राहून म्हटलं, बिल्ले दसऱ्याला देऊ नका, जानेवारीत द्या. लगेच एक जण म्हणाला, "एका घरासाठी सगळ्यांचा सण बदलायचा का?"

"सण कोण बदला म्हणतंय?" मी म्हटलं. "गाड्यांची पूजा खुशाल करा. नारळ फोडा, हार घाला, पेढे वाटा, एक माझ्यासाठी ठेवा. पण पूजा गाडीची असते, जागेची नसते. जागा सोसायटीची आहे. जानेवारीचा एक आख्खा आठवडा ठेवा, गाडीचे कागद दाखवा, बिल्ला घ्या. गाडी त्या वेळी नागपुरात असो, तुळजापुरात असो, नाहीतर गॅरेजमध्ये. आणि जिन्याजवळचा खण ज्या घरात चालायला त्रास असलेलं माणूस आहे त्या घराला. आज माझी आई आहे. उद्या काका, तुम्ही असाल."

लोक हसले. काका हसले नाहीत. "पण एका घरासाठी," तो माणूस पुन्हा म्हणाला.

तेवढ्यात वरून, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला, "एका घरासाठी काहून?" बघतो तर अध्यक्षकाकांची बायको. हातात निवडायची मेथी तशीच. "हा बिल्ला निघाल्यापासून मी दसऱ्याला माहेरी गेले न्हाई! माझे भाऊ तिकडं भोकरदनला सोनं घेऊन वाट बघतेत, अन् मी इथं ह्यांच्या झब्ब्याला इस्त्री करून राह्यले!"

आता गं बया! अंगणातल्या सगळ्या माना एकदम वर गेल्या, काकांची तेवढी खाली. मग बँकेतला एक माणूस उठला. त्याचं गाव वाटूरच्या पुढं. म्हणाला, शेतात औतांची, बैलगाडीची पूजा असते, वडील म्हातारे झाले, दरवर्षी बोलावतात. पण जागा जाईल म्हणून तो इथंच अडकून पडतो. मग आणखी एक उठला. त्याची तर गावी कुळाची पूजा असायची. प्रत्येकाला वाटत होतं की बाकी सगळ्यांना हे बरं वाटतं, आपणच काय बोलायचं. इतकी वर्षं सगळे हात जोडून त्या खणांपुढं उभे राहत होते, आणि निम्म्यांचं मन गावाकडं होतं.

काकांनी वर बायकोकडं पाहिलं, खाली माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "हात वर करा मंग." हात भराभर वर गेले. शेठनंही केला, बायकोकडं न बघता.

कोणीतरी म्हणालं, मग शेठ, आजच करा जागा रिकामी. शेठचा चेहरा पडला. आई दारातून म्हणाली, "जानेवारीपर्यंत त्यांचं त्यांच्याकडं राहू द्या. नव्या गाडीचं काही वाईट व्हायला नको."

म्हणजे आणखी दोन-अडीच महिने गेट, जाळी आणि खडी. पण आता ती थांबली नाही. पुढच्या पौर्णिमेला आपण होऊन पातळ बदलून तयार. पुढं ती वॉकर टेकत, मागं माझा नवरा प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन. तिला वाटलं तर ती बसणार, त्यानं विचारायचं नाही. मागून कोणाची गाडी आली तर तीही हळूहळू तिच्या चालीनं यायची. एकदा काकांचीच गाडी मागं होती. त्यांनी हॉर्न दाबला नाही.

जानेवारीत नवे बिल्ले आले. साधे, पांढरे, हळदीचा ठिपका नसलेले. आमच्यावर आमच्या जुन्या खणाचा नंबर. शेठला गेटजवळचा खण मिळाला, बँकेतल्या एकाची बदली होऊन तो मोकळा झाला होता. त्या सकाळी शेठनं स्वतः जीप काढली आणि मी व्हॅन आत आणून दारासमोर लावली. शेठ जीप लावून परत तिथं येऊन उभा राहिला.

आई बाहेर आली. पायरी नुकतीच धुतलेली, ओली. तिनं वॉकर खाली टेकवला, तो जरा सरकला. शेठचा हात पटकन पुढं आला आणि तसाच मागं गेला. ह्या म्हातारीला हात लावला की काय ऐकावं लागतं ते त्यानं वरच्या गॅलरीतून कितीदा पाहिलं होतं. आईनं आधी व्हॅनकडं पाहिलं, मग खालच्या पिवळ्या पट्टीकडं, मग त्याच्याकडं.

"जागा आता माझी हाये ना?"

"तुमचीच हाये, आजी."

"मंग दे हात."